विचारा की! : बाबांनी न घेतलेला व्यापार

मागच्या अंकात मे महिन्याच्या सुट्टीतल्या बैठ्या खेळांबद्दल सहज दोन ओळी लिहिल्या होत्या, तर पत्रं आणि मेल इतके आले की बाकीचे विषय यावेळी बाजूला ठेवलेत. गंमत म्हणजे फार थोड्या लोकांनी खेळाबद्दल लिहिलंय, बहुतेकांनी लिहिलंय ते न मिळालेल्या खेळाबद्दल. त्यातली चार पत्रं घेतलीत.

प्रश्न : ताई नमस्कार, मी मूळचा मिरजेचा, आता ठाण्यात असतो, पन्नाशी आलीये. आमच्या वाड्यात व्यापार, म्हणजे फासे टाकून गावं विकत घ्यायचा तो पटाचा खेळ, एकाच घरी होता आणि ज्याचा पट तोच कायम बँक घ्यायचा, कुणाची बोलायची टाप नाही, बोललात तर डाव गुंडाळून घरात. त्यामुळे मला स्वतःचा पाहिजे होता. आमचे बाबा शाळामास्तर. सुट्टी लागली की मी विषय काढायचो आणि ते दरवेळी नवीन कारण द्यायचे, कधी पैशाचे खेळ घरात नकोत, कधी फासे आले की मागून शकुनी आलाच म्हणून समज, कधी नुसतंच अभ्यास कर. शेवटी एका दिवाळीला पिशवीतून मोठा पुठ्ठा निघाला, मी आनंदाने उड्या मारायच्या बेतात, तर एका बाजूला ल्युडो नि दुसऱ्या बाजूला सापशिडी! आता मुलांसाठी मीच व्यापार आणला, हौसेने मांडला, तासाभरात धाकटी रडत उठली आणि मोठा मोबाईल घेऊन गॅलरीत. मग आम्हाला एवढं वेड कशाचं होतं? आणि बाबांचंच बरोबर होतं की काय?

उत्तर : आधी बाबांचं बघू. अहो, ल्युडोलाही फासाच लागतो, सापशिडीलाही लागतो, मग तिथे शकुनी का नाही आला? आणि फाशांचंच म्हणाल तर आपल्याकडे खंडोबा आणि म्हाळसासुद्धा सारीपाट खेळतात, देव हरतो, आणि ती हार पुढे बाणाईपर्यंत जाते, जेजुरीला जाणाऱ्या कुठल्याही घरात ही गोष्ट माहीत असते. तेव्हा कारण फासे नव्हतं. त्या काळचे आईबाप जे कारण तोंडाने सांगायचे ते बहुतेक वेळा खरं कारण नसायचं, खरं कारण कळायचं ते त्यांनी त्याऐवजी काय आणलं त्यावरून. तुमच्या बाबांनी एका पुठ्ठ्यात दोन खेळ आणले, ते स्वस्त, सगळ्या भावंडांना पुरणारे आणि नियम न वाचता खेळता येणारे. मास्तरच्या पगारात वह्या, गणवेश, गावाकडचं कुणीतरी शिकायला घरात, यातून खेळण्याचा खर्च शेवटी यायचा. पण 'परवडत नाही' हे मुलासमोर म्हणायचं कसं, मग शकुनीला पुढे करायचं, तो बिचारा काय बोलणार.

आता खेळाचं. तुमचा व्यापार म्हणजे आपल्या गावांची नावं घालून आलेली मोनोपॉलीच. ती लोकांना वाटते तशी पैसा कमवायला शिकवण्यासाठी जन्माला आलेली नाही, उलट आहे. लिझी मॅगी नावाच्या अमेरिकन बाईने १९०४ साली 'द लँडलॉर्ड्स गेम' नावाच्या खेळाचं पेटंट घेतलं, आणि तिला दाखवायचं काय होतं तर जमीन ज्याच्याकडे तो नुसतं बसून भाडं खातो आणि बाकीचे फिरून फिरून कंगाल होतात. हेन्री जॉर्ज म्हणून विचारवंत होते, कर लावायचा तर जमिनीवर लावा म्हणायचे, ही बाई त्यांची अनुयायी. तिने नियमांचे दोन संच केले होते, एकात संपत्ती वाढली की सगळ्यांचा फायदा, दुसऱ्यात एकाने सगळ्यांना चिरडायचं. लोकांना कुठला आवडला हे सांगायला नको.

पुढची गोष्ट तुमच्या वाड्याशी जुळते म्हणून जरा सविस्तर सांगते. जवळजवळ तीस वर्षं हा खेळ दुकानातून कमी आणि हातोहात जास्त पसरला. म्हणजे कुणाच्या घरी खेळून आलेला माणूस आपल्या घरी मेणकापडावर नाहीतर पुठ्ठ्यावर तसाच पट काढायचा, गावांची नावं आपल्याकडची घालायचा, नियमात थोडी ढवळाढवळ करायचा, त्याच्याकडून तिसरा उतरवून घ्यायचा. त्यातलाच एक पट चार्ल्स डॅरो या बेकार झालेल्या गृहस्थांपर्यंत आला, तो मंदीचा काळ, त्यांनी तो आपला म्हणून विकायला काढला आणि १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्स या खेळांच्या कंपनीने घेतला. डॅरो लखपती झाले. मॅगीबाईंचं पेटंट कंपनीने ५०० डॉलरला घेतलं, विक्रीतला वाटा काही नाही. हे सगळं प्रकरण पुढे १९७० च्या दशकात राल्फ अनस्पाख या प्राध्यापकाच्या कोर्टकेसमधून उजेडात आलं, त्यांनी 'अँटी-मोनोपॉली' नावाचा खेळ काढला होता आणि त्या नावावरून त्यांचं कंपनीशी कोर्टात भांडण लागलं होतं.

म्हणजे बघा, ज्यांना पट मिळाला नाही त्यांनी हाताने काढला, ही या खेळाची जुनी रीत आहे. आपल्याकडेही तेच झालं, फक्त आपल्याला ते गरिबीचं वाटायचं. बँकेचं नाहीतर किराणा दुकानाचं कॅलेंडर जुनं झालं की मागच्या कोऱ्या बाजूवर पट (कालनिर्णय चालायचं नाही, त्याच्या मागे भविष्य आणि पाककृती छापलेल्या!), शर्टाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून मुंबई, दिल्ली, उटी, दार्जिलिंगची कार्डं, वहीच्या मधल्या पानांच्या नोटा, घरांच्या जागी चिंचोके, आणि फासा सापडला नाही तर चिंचोके फरशीवर घासून अर्धे करायचे, पांढऱ्या बाजू वर किती पडल्या ते दान. त्या नोटा घामाने इतक्या मऊ व्हायच्या की मोजताना दोन एकदम यायच्या, आणि तिथेच निम्मी भांडणं. शंभराच्या नोटेला एक शून्य जोडणारा एक महाभाग प्रत्येक वाड्यात असायचाच.

तुमची मुलं का उठली याचं उत्तर सोपं आहे, खेळ रटाळ होतो तो आपण पाळत नाही त्या एका नियमामुळे. मूळ नियम असा की जागेवर आलेल्याने ती घेतली नाही तर बँकेने तिचा लगेच लिलाव करायचा आणि कुणीही बोली लावायची. आपण काय करतो, नको म्हटलं की पुढे सरकतो, मग अर्धा पट रिकामा राहतो आणि सगळे नुसते गोल गोल फिरतात. दुसरं, दंडाचे पैसे पटाच्या मधे साठवायचे आणि कुणालातरी एकदम मिळायचे, हे सगळीकडे खेळतात पण मूळ नियमात ते नाही. त्याने पैसा खेळात परत येत राहतो, कुणाचं दिवाळं निघत नाही आणि डाव संपता संपत नाही. आम्हाला ते चालायचं कारण दुपारी बाहेर ऊन, टीव्ही संध्याकाळीच लागणार, आणि मोठी माणसं झोपलेली, त्यामुळे डाव जितका लांबेल तितका बरा. तुमच्या मुलांना तशी दुपारच नाही हो.

लिलाव सुरू करा, मधले पैसे बंद करा, आणि घड्याळ लावून दीड तासाला थांबा, जागा आणि रोकड मिळून ज्याचं जास्त तो जिंकला. धाकटी लहान असेल तर तिला कच्चा लिंबू करू नका, ते तिला बरोबर कळतं, त्यापेक्षा तिला बँक द्या. बँक हातात आल्यावर कोण रडेल? ज्याचा पट त्याचीच बँक, हा नियम मात्र मिरजेतच राहू दे.

प्रश्न : ताई, माझं बालपण लालबागच्या चाळीतलं, वडील मिलमध्ये. मला कॅरम पाहिजे होता. वडील दर वर्षी म्हणायचे बोनसला घेऊ. आईचा मात्र कायम विरोध, म्हणायची तो टपोरी पोरांचा खेळ, घरात आणलास तर अख्खी गॅलरी गोळा करशील. मग संप झाला आणि तो विषय कुणी काढलाच नाही, मीपण नाही. आता रिटायर झालोय, बदलापूरला वन बीएचके आहे, आणि मला खरोखरचा मोठा बोर्ड घ्यायचाय. बायको म्हणते जागा कुठाय, मुलगा म्हणतो छोटा घ्या. काय करू? आणि घेताना बघायचं काय?

उत्तर : मोठाच घ्या. यावर माझं दुसरं मत नाही.

तुमच्या पत्रातला बोनस वाचून थांबले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्याची ठिणगी आदल्या दिवाळीच्या बोनसवरूनच पडली होती. अधिकृतपणे तो संप कधी मागे घेतलाच गेला नाही. कितीतरी घरांतून माणसं कोकणात, घाटावर गावी परत गेली, बायकांनी खानावळी चालवल्या, त्यात कॅरमचं काय घेऊन बसता. वडील 'नाही' म्हणाले नव्हते हे मात्र तुम्ही स्वतःच लिहिलंय.

आईचं म्हणणं हवेतलं नव्हतं. चाळीत कॅरम म्हणजे मंडळाच्या खोलीत, वरून लांब वायरला टांगलेला बल्ब, त्यावर पत्र्याची टोपी, उजेड फक्त बोर्डावर पडणार आणि भोवती अंधारात विड्या ओढत उभी असलेली मोठी पोरं. पैसे लावून डाव व्हायचे, रात्रपाळीवाले परत आले तरी खेळ चालूच. दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसं राहात असतील तर त्या बोर्डाला घरात जागा नाही, म्हणून तो गॅलरीत येणार आणि गॅलरीत आला की तो चाळीचा झाला, आईला तेच नको होतं. तिने खेळाला नाव ठेवलं, भीती मात्र पोरगं संध्याकाळी घरी येणार नाही याची होती. टपोरीचं म्हणाल तर मारिया इरुदयम यांना कॅरमसाठी अर्जुन पुरस्कार मिळालाय, १९९६ चा, आणि पुण्याचे योगेश परदेशी, मुंबईचे प्रशांत मोरे हे आपल्याकडचे जगज्जेते. हे आता आईला कोण सांगणार ते जाऊ दे.

आता खरेदी. नियमाचा बोर्ड म्हणजे आतली खेळायची जागा ७४ सेंटीमीटर, आपल्या भाषेत २९ इंच, आणि चारही बाजू सारख्या. दुकानात जे २० नि २६ इंची मिळतात ते पोरांचे, त्यावर कट मारायची सवय लागली की मोठ्या बोर्डावर हात बसत नाही. प्लायवूड ८ मिलिमीटरच्या खाली घेऊ नका, जाड जितका तितका चांगला. पण आकड्यांपेक्षा दुकानातच एक करून बघा, पावडर टाकायला सांगा आणि स्ट्रायकर बेसलाइनवरून जोरात समोर मारा, चांगल्या बोर्डावर तो जाऊन-येऊन निदान साडेतीन फेऱ्या करतो, नियमातच तसं आहे. दोन फेऱ्यांत थांबला तर दुकानदार कितीही गोड बोलू दे, पुढच्या दुकानात जा. मग डोळा बोर्डाच्या पातळीला आणून तिरका बघा, पोट आलेलं असेल तर तिथेच दिसतं. सोंगट्या हातात घेऊन एकमेकींवर रचून बघा, जाडी सारखी पाहिजे, वजन पाच-साडेपाच ग्रॅम. स्ट्रायकर १५ ग्रॅमच्या वर नियमात बसत नाही, पण त्यापेक्षा फार हलका घेऊन उपयोग नाही, ब्रेकलाच सोंगट्या फुटत नाहीत.

जागेचं : बोर्ड कपाटामागे तिरका टेकवून ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे, त्यानेच तो वाकतो. दिवाणाखाली आडवा सरकवा, नाहीतर भिंतीला अगदी सरळ उभा, आणि बदलापूरचा पावसाळा माहितीये तुम्हाला, त्या चार महिन्यांत जुन्या चादरीत गुंडाळून भिंतीच्या ओलीपासून लांब. पावडर बोरिकची असते, ती नातवंडांच्या तोंडात जाणार नाही अशा उंचीवर ठेवायची, खेळून झालं की सगळ्यांनी हात धुवायचे. आणि वहिनींना पहिला ब्रेक द्या. चाळीतल्या असतील तर त्या तुम्हाला हरवतील असा माझा अंदाज आहे.

प्रश्न : ताई, मी पुण्यात राहते, मुलगा अकरा वर्षांचा. मित्राकडे कॅटान नावाचा खेळ खेळून आला आणि तेव्हापासून तेच पाहिजे म्हणून डोकं खातोय. किंमत बघून मी सरळ म्हणाले की एवढ्यात दोन महिन्यांची पुस्तकं येतील, आणि म्हणता म्हणता लक्षात आलं की हे शब्दन् शब्द माझ्या आईचे आहेत, व्यापाराच्या वेळचे! घेऊ का नको?

उत्तर : आधी एक सांगा, त्या पैशांची पुस्तकं तुम्ही आणणार होतात का? नसाल तर ते कारण बाद.

कॅटान १९९५ चा जर्मन खेळ, क्लाउस टॉयबर म्हणून दातांचे टेक्निशियन होते त्यांनी रात्री घरी बसून तयार केलेला. व्यापाराचा खरा दोष यात काढलेला आहे, कुणीही मधेच बाद होत नाही, दहा गुण ज्याचे आधी तो जिंकला, आणि तासा-दीड तासात डाव संपतो. लाकूड, विटा, लोकर, गहू, खनिज अशी कार्डं मिळतात आणि दुसऱ्याशी घासाघीस करून बदलायची, भाजी मंडईत तुम्ही जे करता तेच. अडचण एकच, तीन तरी माणसं लागतात. घरात तुम्ही, मुलगा आणि उशिरा येणारा बाबा असाल तर तो डबा महिन्याभरात माळ्यावर जाणार. म्हणून घेण्याआधी पुण्यात बोर्डगेम कॅफे निघालेत तिथे एक दुपार जा, तासाचे थोडे पैसे देऊन हवा तो खेळ खेळता येतो. तुम्हीपण खेळा, नुसत्या कॉफी पीत बसू नका. तुम्हाला आवडला तर घ्या, कारण तो खेळ मुलाच्या हट्टावर चालणार नाही, तुमच्या वेळावर चालेल. आणि परवडत नसेल तर तसंच सांगा त्याला, अकरा वर्षांच्या पोराला कळतं, आपल्यालापण कळलं असतं.

प्रश्न : ताई, न्यू जर्सीहून, एडिसन. आम्ही सांगलीला आयुष्यभर व्यापार खेळलो, घरचा नाही हो, मामाकडचा, आमच्याकडे जुगार म्हणून बंदी होती. परवा मुलीने अटलांटिक सिटीला नेलं आणि म्हणाली आई, मोनोपॉलीचे रस्ते हेच. खरं का? आणि नातवासाठी इथे मराठी व्यापार मिळेल का?

उत्तर : खरंय. डॅरोंकडे आलेला पट अटलांटिक सिटीच्या क्वेकर (हा एक ख्रिस्ती पंथ) मंडळींच्या ओळखीतून फिरत आलेला होता आणि त्यांनी आपल्याच गावाचे रस्ते घातलेले, बोर्डवॉक, पार्क प्लेस, बाल्टिक अव्हेन्यू सगळे तिथलेच. एक पिवळी जागा, मार्व्हिन गार्डन्स, ती मात्र शेजारच्या मार्गेटला आहे, आणि पाटीवर मार्वेन आहे, पटावर स्पेलिंग चुकलं ते चुकलंच. तुमच्या घरी जुगार म्हणून ज्याला बंदी होती त्या खेळाच्या गावात १९७८ पासून खरेखुरे कसिनो आहेत, मुलगी तिथेच घेऊन गेली असेल ना तुम्हाला? किती घालवलेत ते विचारत नाही.

मराठी पट तिकडे शोधत बसू नका. इकडून कुणी येत असेल त्यांना सांगा, पण मधे दुमडणारा पुठ्ठ्याचा आणायला सांगा, सरळ पट बॅगेत मावत नाही, कोपरे मोडतात. घरं आणि फासे वेगळ्या डबीत भरायला सांगा, आणि नोटांचं बंडल कमी पडतंच, एक जास्तीचं मागवा.

(पुढच्या अंकासाठी पत्रं पाठवताना गाव आणि वय लिहा, नाव नसलं तरी चालेल. पत्ते या विषयावर आलेली पत्रं वेगळी ठेवलीत, ती पुढच्या वेळी. मेंढीकोट आणि बदामसातवाल्यांनी तोवर आपसात भांडून घ्यावं.)